एकदम फिट, साब!

आमचे मालक कलेक्टर कचेरीसमोर धरणं धरून बसले की मंगळवार पेठेपर्यंत ऐकू जावी अशी घोषणा द्यायचे. मग दहा मिनिटं खोकायचे, मग दुसरी. लढाईत दारूगोळ्याचा साठा पेटला होता. त्याच्या विषारी धुरात तोंडाला ओले रुमाल बांधून यांच्या तुकडीनं तीन दिवस काम केलं, त्यात फुप्फुसं गेली. हा आजार फौजेच्या नोकरीतला आहे, असं सरकारनं लिहून द्यावं, एवढीच मागणी.

आणि मेडिकल बोर्डापुढं गेले की? बूट चकाचक, छातीवर पदकं, टाचा जुळवून कडक सलाम. मोठ्या साहेबांनी "कैसे हो, हवालदार?" म्हणायचा अवकाश, हे गरजायचे, "एकदम फिट, साब!" एकदा नव्हे, दोनदा. साहेबांनी तसंच लिहिलं. आता पुढारीच फितूर म्हटल्यावर आंदोलन कसलं डोंबलाचं!

तिसऱ्या खेपेला मी घरात तालीम घेतली. मीच साहेब होऊन खुर्चीवर बसले. "काय त्रास?" हे नुसते टाचा जुळवून उभे. "अवं, दम लागतो म्हणा की! तोंड शिवलंय काय?"

"ऑफिसरपुढं रडगाणं गात न्हाय आमी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोर्डाला मीच यांच्या मागोमाग आत घुसले.

तिथं या वेळी एक तरुण डॉक्टरीण होती, आमच्या लेकीच्या वयाची. सलाम ठोकायच्या आत म्हणाली, "काका, आधी बसा बघू." हे बसले आणि फौज संपली. जिना चढवत नाही, आडवं झालं की गुदमरतं, सगळं बोलले.

"मग आधी फिट का म्हणालात?"

"धुरातनं आल्यावर पोरं खोकत हुती. फिट हाय म्हणून सही करा, न्हायतर घरी धाडतील, असं मीच सांगितलं त्यास्नी. त्यातली दोघं गेली. मी कुठल्या तोंडानं आजारी म्हणू?"

इतकी वर्षं संसार केला, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. रडू आलं. आणि परक्या पोरीला सांगितलं, मला नाही, याचा रागही आला.

महिन्याभरानं यांचा कागद मंजूर होऊन आला. मी पेढे आणायला निघाले, तर हे म्हणाले, "त्या दोघांचं काय?" त्यांच्या बायकांनी अर्ज करायला हवेत, असं डॉक्टरणीनं सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यातल्या एकाच्या घरी, कागलजवळच्या एका खेड्यात गेलो. दारात यांचे पाय उचलेनात, मीच पुढं झाले. बाईनं पाणी दिलं, चहा टाकला. यांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं.

"ठावं हाय की मला," ती म्हणाली. "हवालदारांनी सांगितलं म्हंजे इचार करूनच सांगितलं असंल, असं आमचे धनी शेवटपतोर म्हणायचे."

यांनी कसाबसा अर्ज पुढं केला. "वैनी, आधी वाचून घ्या."

"वाचू कशाला, भावजी? तुमी आणलाय न्हवं?" तिनं पेन घेतलं. "कुठं करू सही?"