फिका तारा

वहिनी गेल्यापासून दादाला कुणी "कसा आहेस?" विचारलं की तो "ठीक" म्हणतो, आणि विषय तिथेच संपतो. परवा संध्याकाळी त्याला बळेच गावाबाहेरच्या टेकडीवर आकाशदर्शनाला नेलं. तिथल्या बाई एक फिका तारा दाखवत होत्या. मला काही केल्या दिसेना.

"असं रोखून बघू नका," बाई म्हणाल्या. "नजर जरा बाजूला ठेवा, मग दिसेल."

आणि खरंच, बाजूला पाहताच तो कडेला हळूच उमटला. एवढासा, विझत आल्यासारखा. बाई सांगत होत्या, हा पिवळा राक्षसी तारा आपल्या सूर्याच्या कितीतरी पट मोठा आहे. वय झालं तसा फुगत गेलाय. तेजही खूप आहे, फक्त फार लांब आहे. मला उगीच त्याच्याबद्दल माया वाटली. आपण ज्याला मिणमिणता म्हणतो, तो तिथे केवढा जळत असेल!

परतताना मी दादाला काहीच विचारलं नाही. समोरच्या रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले. टेकडी उतरल्यावर तो आपणहून म्हणाला, "सकाळी चहाचं आधण अजून दोघांचंच ठेवतो गं मी."

मी मान वळवली नाही.