शत्रूचं जहाज विश्रांतवाडीत

बाबुराव ओव्हाळ मला पहिल्यांदा बघायला आले, तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर अंतराळयुद्ध लढत होतो. वय सत्तावीस, पगार बरा, आणि तोंडाने 'ढिश्श' असा आवाज. मुलीच्या बापाने मुलाला या अवस्थेत बघू नये.

साल २००२. शनिवारची सुट्टी ही आयटीवाल्यांना जडलेली नवी व्याधी आहे, असं आमच्या कोथरूडच्या सोसायटीचं मत होतं. त्या सुट्टीत मी, दीपाली आणि विश्वजीत, एकाच कंपनीतले तिघं, आमच्या घरी जमायचो. लोक अमेरिकेहून येताना परफ्यूम आणतात, विश्वजीतने हा खेळ आणला होता. बोटाएवढी प्लॅस्टिकची जहाजं, फासे, मोजायची टेप आणि नियमांचं जाडजूड पुस्तक. मला दीपालीशी लग्न करायचं होतं आणि बाबुराव तिचे वडील. 'इकडून चाललो होतो' असं म्हणून ते आले. विश्रांतवाडीचा माणूस कोथरूडवरून सहज कुठे चाललेला असतो, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

बाबुराव भूमापक म्हणून निवृत्त झाले होते. लागले होते मोजणीची साखळी ओढणारा शिपाई म्हणून. गावात ज्यांच्या ओट्यावर त्यांच्या वडिलांना कधी चढू दिलं नाही, त्या ओट्यांची लांबी-रुंदी आज बाबुरावांच्या हस्ताक्षरात सरकारी कपाटात आहे. चालताना त्यांचं पाऊल बरोबर अडीच फूट पडतं. वाटेत डबकं आलं तर ते वळसा घालतात, पण पाऊल बिघडवत नाहीत.

त्यांनी चहा घेतला, टेबलाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "स्केल काय?"

आम्ही तिघं इंजिनिअर. दोन वर्षं खेळत होतो, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. विश्वजीतने पुस्तक चाळलं. जहाजाची खरी लांबी अडीचशे मीटर. टेबलावरचं जहाज पाच सेंटीमीटर.

"एकास पाच हजार," बाबुराव म्हणाले. "तोफेचा पल्ला?"

"पन्नास हजार किलोमीटर," विश्वजीत अभिमानाने म्हणाला, जणू तोफ त्याच्या वडिलांची होती.

"आणि तुम्ही लढताय वीतभरावरून. म्हणजे एक किलोमीटर. पन्नास हजारांचा पल्ला हाताशी असताना शत्रूच्या मांडीला मांडी लावून कोण बसतं? ही लढाई आहे का पंगत?"

"काका, टेबलावर मावायला पाहिजे ना," मी म्हणालो.

"मावत नसेल तर टेबल चुकलं. अंतर चुकत नाही."

विश्वजीत मूळचा बावधनच्या शेतकऱ्यांच्या घरातला. ऑफिसात इंग्रजी झाडणारा हा गडी दुखलं की गावच्या बोलीवर येतो. "काका, आमच्या शेताची मोजणी बी तुम्हीच केली हुती," तो म्हणाला. "तवापास्नं बांध आत हाय."

"बांध होता तिथेच आहे. तुम्ही बाहेर आला होतात." बाबुरावांनी खिशातून रुमाल काढला, विश्वजीतचं लाल जहाज त्यात गुंडाळलं. "पन्नास हजार किलोमीटर भागिले पाच हजार, दहा किलोमीटर. इथून सरळ रेषेत दहा किलोमीटर म्हणजे आमचं घर. शत्रू आमच्याकडे राहील. टेबल कुणाच्या नावावर?"

"आईच्या," मी म्हणालो. दुसरं काय सुचणार?

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कौशल्याबाई, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या. लग्नाबद्दल ती आठ महिने एकच वाक्य म्हणत होती: विश्रांतवाडी लांब पडतं. ही बाई माझ्या बहिणीकडे बॉस्टनला सहा महिने राहून आली होती. बॉस्टन लांब पडलं नव्हतं. तिचं अंतर किलोमीटरचं नव्हतं, जातीचं होतं, हे मला कळत होतं, दीपालीला तर माझ्या आधी कळलं होतं. पण आईने ते कधी उच्चारलं नाही. उच्चारलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मला तिची लाज वाटायची, आणि ती आई होती म्हणून स्वतःचीही वाटायची.

आठवड्याने रजिस्टर पोस्टाने आईच्या नावे नोटीस आली. 'कोथरूड येथील जेवणाचे टेबल ते विश्रांतवाडी येथील टीव्हीवरील जहाज या दरम्यानच्या अंतराची मोजणी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता करण्यात येणार आहे. आपण लगतधारक, म्हणजे आपली हद्द आमच्या हद्दीला लागणार असल्याने, हजर राहून काही हरकत असल्यास नोंदवावी. गैरहजर राहिल्यास आपली काहीएक हरकत नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल.' खाली बाबुरावांची सही, शिक्का नाही. शिक्का खात्याकडे जमा केला होता.

आईने आधी नोटिशीच्या पाठीमागे मांडलेला अंतराचा हिशेब तपासला. तो बरोबर निघाला, त्यामुळे ती जास्तच चिडली. "गैरहजर म्हणजे हरकत नाही? असं कसं?"

"मोजणीचा तसा नियम आहे," मी म्हणालो.

रविवारी ती इस्त्रीची साडी नेसून माझ्या स्कूटरवर बसली. हरकत घ्यायला.

बाबुरावांच्या घरी दीपालीची आई सुंदराबाई पोहे घेऊन उभ्या होत्या. टीव्हीवर विणलेला रुमाल आणि त्यावर लाल जहाज, बरोबर नैऋत्येला, म्हणजे कोथरूडकडे, तोंड करून. आईने पोह्यांना हात लावला नाही. बाबुरावांनी तिच्यासमोर हाताने आखलेला फॉर्म आणि पेन ठेवलं.

"मला हरकत आहे," आई म्हणाली.

"जरूर घ्या. फक्त कारण लिहावं लागेल. नुसती हरकत आहे म्हणून चालत नाही."

आईने पेन उघडलं. समोर बाबुराव हात मांडीवर ठेवून बसलेले, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, दारात दीपाली. मी जमिनीकडे बघत होतो. माझी आई खोटं लिहिणारी बाई नाही, आणि खरं कारण त्या घरात बसून तिच्या हाताने उतरेना. पोहे गार झाले. तिने पेन बंद केलं, परत उघडलं, आणि वळणदार मास्तरिणीच्या अक्षरात एक ओळ लिहिली.

बाबुरावांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "अंतर दाखवले आहे त्यापेक्षा कमी आहे." मग तिच्याकडे बघून म्हणाले, "पुरावा?"

"मी आले की," आई म्हणाली, आणि पोह्यांची बशी पुढे ओढली.

बाबुरावांनी फॉर्मवर 'हरकत मान्य' लिहून सही केली. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाची हरकत जागेवर मान्य केल्याचं दीपालीला आठवत नाही.