पाचवा खेटा

आमच्या उचगावात चिमणाकाकींना स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मिरची-कांडपाच्या गिरणीवर दिवसभर उभ्या, घरी आल्या की म्हशीचं, चुलीचं. नवरा ज्ञानूकाका फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कामाला. ते म्हणायचे, "हिच्या पायात भिंगरी हाय. मेली तरी तिरडीवरनं उठून झाडू मारंल."

दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर काकांचा खोकला हटेना. छातीत गाठ निघाली. दवाखान्यात मी शेजारीण म्हणून सोबत होते. डॉक्टर हळूच म्हणाले, "मावशी, आता क्युअर नाही. केअर करायची."

बाहेर येताच काकींनी माझा दंड धरला. "दोन सारखंच शब्द बोलला की गं त्यो. फरक काय?"

मीही मराठी शाळेतलीच, पण एवढं कळत होतं. "पहिला म्हणजे आजार बरा करणं. दुसरा म्हणजे माणसाला जपणं, त्याच्याजवळ असणं."

"मग एकच की! जपलं की बरं होतंय माणूस."



त्या दिवसापासून काकी घरात टिकेनात. कुणी वैद्य सांगितला की वारणानगर, कुणी झाडपाला सांगितला की नेसरी. माघ लागला तसा जोतिबाच्या खेट्यांचा नवस बोलल्या. ओळीनं पाच रविवार अनवाणी डोंगर चढायचा, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. काका खाटेवर पडून दाराकडं बघायचे. पाणी द्यायला मी जायची. एकदा काका म्हणाले, "माझ्यासाठी फिरतीया आन् मलाच दिसंना झालीया."

पाचव्या रविवारी पहाटे काकी नारळ, गुलाल घेऊन उंबऱ्यावर. मीही निघाले होते. आतून काकांचा आवाज आला.

"चिमणे, आज जाऊ नगंस. बस की जरा."

"आज शेवटचा खेटा हाय. देवाला काय सांगू?" काकी खाटेजवळ जाऊन म्हणाल्या.

"सांग, म्हाताऱ्यानं पदर धरला." खरंच धरला होता. हाताला जोर नव्हता, नुसती बोटं अडकवली होती. "तू डोंगरावर, मग बरा होऊन मी कुणाकडं बघू?"

काकी झटका देऊन सोडवतील असं वाटलं. त्यांनी पदर तसाच राहू दिला. मग नारळ, गुलाल माझ्या हातात दिला. "तू जा. मोडला तर मोडू दे खेटा. काय व्हायचं ते माझ्या माथी."

वाटेत सगळीकडं जोतिबाच्या नावानं चांगभलं घुमत होतं, माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. देवापुढं काय मागायचं ते सुचेना. शेवटी मी म्हणाले, देवा, तिला आज बसू दे.

दुपारी परतले. काकी खाटेच्या कडेला बसलेल्या, काकांचं डोकं मांडीवर, डोकं चोळून हात तेलानं माखलेले. काका झोपले होते. मी गुलाल पुढं केला.

"काय मागितलंस गं?"

मी सांगितलं.  त्यांनी काकांच्या कपाळाला गुलाल लावला. गोठ्यात म्हैस ओरडली तशी सवयीनं गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या.

"मी बघते," मी म्हणाले.

"बघ बाई," काकी म्हणाल्या आणि पुन्हा टेकल्या. पायांची बोटं तेवढी जमिनीवर हलत राहिली.