शांतानं मला 'खूप' लिहायला लावलं

माझ्या धाकट्या जावेनं माझी चूक माझ्याच हातानं लिहून घेतली.

शांताला जाऊन आज सोळा वर्षं झाली.

हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. पुसेगावला आम्ही एकत्र राहायचो. शांताला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. औरंगाबादला विजेचे शेक दिले, म्हणजे रेडिएशन. मी सोबत होते.

शेक संपले, पण अंगावरून थोडं थोडं जाणं काही थांबेना.

आमच्या घरात देवाचं कडक. पाळीचे चार दिवस बाजूला बसायची रीत. शांताचे ते चार दिवस संपेचनात.

सहा महिने ती मागच्या पडवीत जेवली. ताट-तांब्या वेगळा.

हे सगळं मी लावलेलं. सासूबाईंच्या मागं घरात मीच मोठी.

तिनं एका शब्दानं कधी विचारलं नाही.

मग चेकअपला गेलो. तिथल्या सिस्टरनं एक फॉर्म दिला. या आजारानंतर बाईचं जगणं कसं चाललंय, ते मोजायचा फॉर्म. प्रत्येक प्रश्नापुढं चार घरं. अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप.

"ताई, तुम्ही वाचा. त्या सांगतील तिथं खूण करा."

मी मॅट्रिक, घरची वही लिहिणारी. पेन माझ्याकडंच आलं.

"दुखतं का?"

"बरंच."

"जेवण जातं का?"

"तुमच्या हातचं हाये आक्का, न जाऊन सांगू कुनाला?"

सिस्टरसुद्धा हसली.

पुढचा प्रश्न. आजारामुळं घरातल्या जीवनात अडचण आली का?

माझा हात आपोआप पहिल्या घराकडं गेला.

"आक्का, मी अजून बोलले न्हाई."

"मग काय लिहू?"

"खूप."

"खूप? काहून गं? समदे जीव लावतेत तुला."

"लावतेत की. पन पोरगी रोज इचारती, आई तू रुसून बाहेर बसतीस का? तिला काय सांगू?"

मी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"रागानं न्हाई बोलत आक्का. त्यांनी इचारलं म्हणून सांगून राहिले. खोटं लिहिलं तर त्यांचं माप चुकंल."

मी 'खूप'वर खूण केली. इतकी लहान खूण करायला मला कधी एवढा वेळ लागला नव्हता.

सिस्टरनं फॉर्म पाहिला. "घरात काय तकलीफ आहे?"

शांता माझ्याकडं बघू शकली असती. बघितलं नाही.

"घरचं हाये सिस्टर. आमी बघू."

घरी आलो. दिवा लावून मी देवापुढं बसले. मग उठले आणि तिचं ताट आमच्या पंगतीत मांडलं, तिच्या पोरीशेजारी.

ती दारातच उभी.

"देवाला चालंल का, आक्का?"

"त्याला मी सांगते. तू बस, भाकर निवून राहिली."

त्यानंतर ती दोन वर्षं जगली. दुखणं वाढतच गेलं. पण पोरीची वेणी रोज तीच घालायची. गल्लीतल्या बायांना खडसवायची, "अंगावरून जातंय ना? मग लाजून काहून बसलीस? दवाखान्यात जाऊन सांग."

तिचं ऐकून दोघीजणी दवाखान्यात गेल्या. आजही आहेत.

मला लिहिता-वाचता येत होतं. पण आपल्याला काय होतंय ते घरच्या मोठ्या माणसासमोर, कुणाचं नाव न घेता, खरं सांगायचं धाडस माझ्यात कधी नव्हतं.

आमच्या घरात आता कुणी बाजूला बसत नाही. सुना आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

शांते, वयानं तू धाकटी, नमस्कार तू मला करायचीस.

आज माझा घे.