बापजाद्यांचं दार

आमचा इंटिरियर कॉन्ट्रॅक्टर रत्नागिरीचा. अरबीतलं 'यल्ला, यल्ला', म्हणजे 'चला, चला', ओरडतच साइटवर शिरायचा. चहा गार निघाला तरी भांडायचा.

दुबई मरीनातल्या एका शीशा लाउंजसाठी, म्हणजे हुक्का पार्लरसाठी, आम्ही किव्हाची नक्कल बांधत होतो. किव्हा म्हणजे अमेरिकेतल्या प्राचीन प्युब्लो लोकांचं जमिनीखालचं गोल प्रार्थनाघर.

"हे जमिनीतलं भोक कशाला?" त्यानं मला विचारलं.

"पूर्वज पृथ्वीच्या पोटातून तिथून वर आले, अशी त्यांची श्रद्धा आहे."

लाउंजचा मालक हसला. "मस्त! कोळशाची राख त्यातच टाकू."

कॉन्ट्रॅक्टर भडकला. "कुणाच्या बापजाद्यांच्या दारात राख टाकतोस? लाज नाही वाटत?"

त्यानं घमेलं ओढलं आणि भोक सिमेंटनं बुजवून टाकलं. मालक किंचाळत राहिला. सिमेंट सुकेपर्यंत हा तिथून हलला नाही.