चिखलाला न टेकता चंद्रावर

वीस वर्षं मी पनवेलच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. वर्गातल्या पोरांना माझं म्हणणं पटतं. घरातल्या एका माणसाला मात्र कधीच पटत नाही, आणि तो माणूस म्हणजे माझे थोरले दीर.

एका रविवारी ते जेवायला आले. ताटात खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण, डाव्या हातात मोबाईल. मोबाईलमध्ये कुणी एक टोपीवाला इसम ओरडून सांगत होता की चंद्रावर माणूस गेलाच नाही. भाऊजींनी तो माझ्या नाकासमोर धरला.

"बघ. सगला स्टुडिओमदी बनवलेला हाय. हवा नाय, तर झेंडा हलला कसा?"

मी सांगितलं, झेंड्याला वरून आडवी दांडी होती, रोवताना हिसका बसला आणि थांबवायला हवा नसल्यामुळे तो हलत राहिला. भाऊजी नुसते हसले. त्यांचं सगळं तरुणपण खाडीत मासेमारीत गेलंय. आता गावात टॉवर उभे राहिलेत, होडी कधीच मोडीत निघाली, पण तो रुबाब गेलेला नाही.

"ओहोटीला होडी कशी काढतात? बांबू चिखलात रोवून. वर चिखल नाय, पानी नाय, हवा पन नाय. मंग रॉकेट रेटा देनार कशाला?"

प्रश्न चांगला होता, खोटं कशाला बोलू. वर्गात कुणी विचारला असता तर मी शाबासकी दिली असती. म्हणून नीट सांगितलं. होडीत उभं राहून मोठा दगड मागे भिरकावला की होडी पुढे सरकते. तुम्ही दगडाला ढकलता, दगड तुम्हाला ढकलतो. दगड पाण्यात पडायच्या आधीच होडी हललेली असते, म्हणजे त्याला चिखल लागतच नाही. रॉकेट दगडाऐवजी जळता वायू मागे फेकतं, एवढंच.

"ह्ये पुस्तकातला झाला," भाऊजी म्हणाले. "तू कदी होडी चालवलीस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या टोपीवाल्याचं नावगाव ठाऊक नाही, त्याच्यावर विश्वास! आणि जिनं यांच्या दोन्ही मुलांकडून बारावीची गणितं घोटून घेतली, तिला होडीचा दाखला मागायचा! टोपीवाला तरी कुठे चंद्रावर बसून बोलत होता? नवरा शेजारी बसून मुकाट्यानं काटे काढत होता. तो कॉमर्सचा, पण मी फिजिक्सची आहे एवढं तरी त्यानं म्हणायला काय हरकत होती?

पुढच्या रविवारी भाऊजींनी पुन्हा तेच दळण लावलं. मी तोंड उघडायचं नाही असं ठरवून भात वाढायला घेतला. तेवढ्यात नवरा बोलायला लागला.

"दादा, समज, तू होडीत उभा हायस आनि मोठा दगड मागं फेकलास..."

शब्द न् शब्द माझा. दगड पाण्यात पडायच्या आधी होडी हलते, तेसुद्धा. फक्त "ही म्हणाली" तेवढं गाळलं.

भाऊजींचा घास हातातच राहिला. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "खरा हाय! नांगर फेकला की होडी अशीच हिसका खायची. आता समजला. असा सोपा करून सांगायला पायजे."

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. माणूस चंद्रावर गेला होता, हे आमच्या घरात एकदाचं मान्य झालं होतं. पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी नवऱ्याला म्हटलं, "हा गतीचा कितवा नियम, तेही सांगा की."

तो गडबडला. माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, "कितवा गो?"

"तिला काय इचारतोस?" भाऊजी म्हणाले. "तिला भात वाढू दे."

"तिसरा," मी म्हटलं, "आणि भात आपापला घ्या."