मागं ओतायचं पाणी

तुर्कस्तानात, काळ्या समुद्राकाठच्या आमासरा गावात किल्ल्याच्या भिंतीला टेकून जी घरं उभी आहेत, त्यातलं निळ्या खिडकीचं घर बेहिजेचं. सगळं गाव तिला आब्ला म्हणतं, म्हणजे थोरली बहीण, आणि तीही गावाला थोरल्या बहिणीसारखीच फटकारते. वय एकाहत्तर. लग्नानंतरचे सगळे उन्हाळे तिनं स्वयंपाकघरात झोपून काढले.

याला कारण पुढची खोली. लग्न होऊन आली त्याच जूनमध्ये सासूनं नव्या नवरीची गादी गुंडाळली आणि म्हणाली, "सूनबाई, पाहुण्यांचे दिवस आले. खोली सप्टेंबरात परत मिळेल." खिडकीत 'खोली आहे' अशी पाटी लागली. अंकाराहून आलेलं कुटुंब समुद्राकडे तोंड करून झोपलं आणि नवरानवरी चुलीपाशी. तिचा नवरा हिकमेत लाकडी चमचे कोरायचा. तो म्हणायचा, "आपल्या घरात समुद्र फक्त हिवाळ्यात असतो." बेहिजेला याचं कधी वाईट वाटलं नाही. त्या खोलीच्या जिवावर छप्पर शाकारून झालं, लेक नेर्मिन नर्स झाली आणि हिकमेत गेल्यावरही घर बोलतं राहिलं.

पाहुण्यांतले रासिम बे, म्हणजे रासिमराव, आणि त्यांची बायको तुर्कान हानम, म्हणजे तुर्कानबाई, एकतीस वर्षं येत होते. जुलैचा पहिला शनिवार ते पुढचे दोन आठवडे. फोन करून विचारायची पद्धत नव्हती. त्या दिवसांत खोली त्यांचीच, हे गावातल्या मांजरांनाही ठाऊक होतं.

तिकडची रीत अशी, की निघणाऱ्याच्या मागं रस्त्यावर भांडंभर पाणी ओतायचं, म्हणजे माणूस पाण्यासारखा सहज जातो आणि तसाच सहज परत येतो. बेहिजेनं हे पाणी कधी चुकवलं नव्हतं. पण गेल्या वर्षी रासिम बेंची गाडी जरा लवकर हलली. ती तांब्याचं भांडं घेऊन दगडी पायऱ्यांवरून धावली आणि तिसऱ्या पायरीवर घसरली. भांडं खणखणत खाली गेलं. पाणी पायऱ्यांवरच सांडलं, रस्त्यापर्यंत पोचलंच नाही. गाडी तोवर वळणाआड गेली होती.

खुब्याचं हाड मोडलं. जवळच्या बार्तिन शहरातल्या दवाखान्यात भुलीतून जागी झाल्यावर तिनं पहिलं विचारलं, "रस्त्यावर पाणी पडलं का?"

"पाणी नाही पडलं, तूच पडलीस," शेजारीण सानिये म्हणाली.

पाहुण्यांना कळवायचं नाही, अशी बेहिजेनं सगळ्यांना तंबी दिली. सुट्टी घालवून घरी गेलेल्या माणसांना कशाला घोर लावायचा?

यंदा मे महिन्यात नेर्मिननं विषय काढला. "आई, पाटी काढ आता. माझ्याकडे बार्तिनला चल."

"तिसऱ्या मजल्यावर? खिडकीतून काय बघू, समोरच्या बाईचं धुणं?"

"इथं परत पडलीस तर उचलणार कोण?"

 बरीच घासाघीस झाल्यावर ठरलं, की रासिम बे आले तर पाटी राहील. नाही आले तर आई निमूट सामान बांधेल. बेहिजेनं हो म्हटलं आणि तिला पायऱ्यांवर सांडलेलं ते पाणी आठवलं. त्या दिवसापासून तिला धड झोप नव्हती.

जुलैचा पहिला शनिवार उजाडला. सकाळी खोली विचारायला एक जोडपं आलं, तिनं वाटेला लावलं. दुपारी दुसरं आलं, त्यालाही. द्राक्षाच्या पानांत भात भरून ठेवला होता, तो संध्याकाळी तसाच झाकला. कुणी आलं नाही.

रविवारी नेर्मिननं बार्तिनहून येऊन पाटी उतरवली आणि एक खोका आणून ठेवला. बेहिजे हिकमेतचे चमचे एकेक करून फडक्यात गुंडाळू लागली. सातवा चमचा हातात असताना खाली हॉर्न वाजला.

"वाटेत मेंगेनला गाडी बंद पडली," रासिम बे पायऱ्या चढता चढता सांगत होते. "रात्र तिथंच काढली."

"मग फोन करायला हात मोडले होते का?" बेहिजे दारातून ओरडली. 

"एकतीस वर्षांत कधी केलाय, आब्ला? फोनची घंटा ऐकून तुम्हाला वाटलं असतं, कुणीतरी गेलं."

तुर्कान हानमचं लक्ष बेहिजेच्या काठीकडे होतं. नेर्मिननं सगळं सांगून टाकलं. तुर्कान हानम मटकन पायरीवर बसल्या.

"आमच्यामागं धावताना? आणि वर्षभर गप्प बसलात?"

"सांगून हाड लवकर जुळलं असतं का?"

त्या उठल्या, बॅगा उचलल्या आणि सरळ स्वयंपाकघराकडे निघाल्या.

"तिकडं कुठं?"

"आम्ही इथं झोपणार. पुढच्या खोलीत तुम्ही."

"पाहुण्याला चुलीपाशी? गाव माझ्या तोंडात शेण घालेल."

"मग पाहुणे म्हणू नका. एकतीस वर्षं झाली, आता तरी घरचं म्हणा."

बेहिजे भांडली, पण हरली. जुलैत समुद्राकडे तोंड करून झोपायची तिची ही पहिलीच वेळ. पहाटे डोळे उघडले तर मासेमारीच्या होड्या परत येत होत्या, समोरच्या बेटावर ऊन उतरत होतं आणि उघड्या खिडकीतून खारा वारा पार उशीपर्यंत येत होता. लोक एवढ्या लांबून कशासाठी येतात, ते तिला इतक्या वर्षांनी कळलं. आपण हे इतक्या जणांना देत आलो, या विचारानं तिला फार धन्य वाटलं. आणि आज कुणीतरी ते आपल्याला दिलं, म्हणून रडू आलं. तिनं ते येऊ दिलं.

दोन आठवडे पाखरासारखे उडून गेले. निघायच्या दिवशी नेर्मिन दारात आडवी उभी राहिली. "पायऱ्या उतरायच्या नाहीत."

"अगं, पाणी..."

नेर्मिन आत गेली. तेच चेपलेलं भांडं तिनं काठोकाठ भरून आणलं आणि आईला खिडकीशी नेऊन हातात दिलं.

खाली गाडी हलली. बेहिजेनं खिडकीतून भांडं उपडं केलं. पाणी गाडीच्या मागं पडायच्या ऐवजी टपावर आदळलं आणि काच खाली करून निरोपाला डोकं बाहेर काढलेल्या रासिम बेंच्या टकलावर.

"आब्ला, मागं ओतायचं असतं," ते तोंड पुसत म्हणाले.

"यंदा कमी पडायला नको."

गाडी वळणाआड जाईपर्यंत टपावरून पाणी गळत होतं. रस्त्यावर त्याची ओली रेघ उमटली. बेहिजेनं ती शेवटपर्यंत डोळ्यांनी तपासली.

नेर्मिननं रिकामं भांडं घेतलं. मग कपाटामागून पाटी काढली, बाहीनं पुसली आणि खिडकीत टांगू लागली.

"जरा डावीकडं घे," बेहिजे म्हणाली.